डोंगराचा उतार आणि सातबाराचा उतारा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सिरुसेरी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मातीची धूप हा रुक्ष विषय घेऊन आपल्यापुढे उभे राहिल्याबद्दल प्रथम आम्ही आपली क्षमा मागतो. कार्यवाहांनी आमच्याकडे विषय विचारला, तेव्हा आम्ही तंजावरच्या मराठी दरबाराविषयी किंवा गेला बाजार मद्रासमधील जुन्या मराठी बिऱ्हाडांविषयी काही सांगू, अशी त्यांची अपेक्षा असावी. विषयाचे नाव ऐकून ते क्षणभर थांबले. परंतु सभ्यपणामुळे नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या त्या सभ्यपणाचा लाभ आज आम्ही घेत आहोत.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. बी. ए. ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि तीस वर्षे फायलींच्या सहवासात काढली. कागदावर सही केली म्हणजे पुढे काय घडते, हा एकच विषय आम्हांस थोडाफार कळतो, असा आमचा समज होता. तोही समज सह्याद्रीच्या एका उताराने खोटा ठरविला. ती हकिकत सांगण्यासाठीच हा विषय निवडला आहे.

आपण आज जेथे बसलो आहोत ते सिरुसेरी पाहा. तमिळमध्ये सिरु म्हणजे लहान आणि सेरी म्हणजे वस्ती. एके काळची ही लहान वस्ती आज संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींनी गजबजून गेली आहे. परंतु जमीन मात्र पूर्वी होती तशीच सपाट आहे. पूर्वेस बकिंगहॅम कालवा, त्यापलीकडे समुद्र. येथे पाऊस पडला की पाण्याला कोठे जावे हेच उमगत नाही. २०१५ च्या डिसेंबरातील महापूर आणि २०२३ च्या डिसेंबरातील मिचौंग वादळ यांत आपल्यापैकी अनेकांनी आपली वाहने पाण्यात उभी असलेली पाहिली. येथील संकट म्हणजे साचलेले पाणी. आपल्या गावाकडचे संकट नेमके उलटे आहे. तेथे पाणी थांबत नाही, आणि जाताना रिकाम्या हातांनी जात नाही.

हे पाणी किती असते, याची कल्पना चेन्नईकरांना टँकरच्या हिशेबाने चटकन येईल. २०१९ च्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत आपण सारेच गॅलरीत उभे होतो. एक एकर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तेवढ्या जागेत सुमारे ४ लाख लिटर पाणी उतरते. बारा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर हे ३३ टँकर होतात. चेन्नईत वर्षाकाठी सरासरी १,४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला साडेपाच हजारांहून अधिक, आणि तोही बहुतांश चार महिन्यांत. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. म्हणजे एका एकरावर एका दिवसात दोनशे टँकर! आता ती जमीन घराच्या छपरासारखी उतरती आहे, असे डोळ्यांपुढे आणा. म्हणजे आजच्या विषयाचे अर्धे आकलन झालेच.

उरलेले अर्धे आकलन थेंबापासून सुरू होते. पावसाचा मोठा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे नऊ मीटर असतो. उघड्या मातीवर तो आदळला की मातीचे कण उडवतो. सपाट जागेवर हे कण जेथल्या तेथेच पडतात; उतारावर मात्र वर उडालेल्यापेक्षा खाली उडालेला कण अधिक दूर जाऊन पडतो. शिवाय फुटलेल्या मातीचा बारीक अंश जमिनीची सूक्ष्म छिद्रे बुजवितो, वर एक पातळ पापुद्रा धरतो आणि मग पाणी मुरेनासे होते. जे मुरत नाही ते धावू लागते. कृषी खात्याच्या भाषेत यालाच अपधाव म्हणतात. आरंभी हा अपधाव चादरीसारखा पातळ असतो. पुढे त्याच्या बोटाएवढ्या रेघा होतात, रेघांच्या ओघळी होतात आणि ओघळींच्या घळी. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण लहानपणी पाठ केली. थेंबे थेंबे डोंगरही सरतो, ही तिची दुसरी बाजू कोणी शिकविली नाही.

जे जाते ते परत मिळत नाही, हे यातील मर्म आहे. एक एकरावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तरी पाच टनांहून अधिक माती गेलेली असते. डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही. आणि कठीण खडकापासून बोटाच्या पेराएवढी माती तयार होण्यास कित्येक शतके लागतात. आमच्या कोकणातील उतारावर काळ्या कातळावरचा मातीचा थर बहुधा हातभरच असतो. ती सारी पुंजी वाडवडिलांच्याही आधीची. तिच्यात भर घालणारा पुरुष कोणत्याही घराण्यात जन्मास आला नाही.

मग आजवर ही माती टिकली कशी? उत्तर सर्वांस ठाऊक आहे असे वाटते: झाडांमुळे. आम्हीही अनेक वर्षे असेच समजत होतो. हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि या अर्ध्या सत्याने पुष्कळ नुकसान केले आहे. उंच झाडाच्या पानांवर पावसाचे लहान थेंब एकत्र येऊन त्यांचा मोठा थेंब होतो. तो आठ-दहा मीटर उंचीवरून खाली पडला, तर त्याचा वेग जवळजवळ पूर्ववत झालेला असतो. खाली पाचोळा नसेल, झुडपे नसतील, तर असा थेंब उघड्या रानातल्या थेंबापेक्षाही मातीला जड जातो. सागाच्या शिस्तबद्ध लागवडीत, जेथे खालची जमीन वणव्याने किंवा झाडलोटीने लख्ख केलेली असते, तेथे हे नेहमी दिसते. वरून पाहावे तर हिरवे वन, आत जाऊन पाहावे तर झाडांची मुळे उघडी पडून बोटांसारखी वर आलेली.

माती धरून ठेवतो तो वनाचा तळमजला. कुजणारा पाला, त्याखालचे मऊ काळे आच्छादन, गांडुळांनी आणि मुंग्यांनी पोखरलेली जमीन, गवताची दाट मुळे आणि कारवीसारखी झुडपे. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी आपण कौतुकाने पाहावयास जातो. पण उरलेली सहा वर्षे ती उभ्या कड्याला घट्ट धरून बसलेली असते, हे तिचे खरे कर्तृत्व. अशा वनातही आषाढात पाणी वाहते. हातभर माती पाण्याने पूर्ण भरली म्हणजे जास्तीचे पाणी मुरणार तरी कोठे? परंतु ते पाचोळ्याखालून, मुळांच्या वाटांनी, अडत-थबकत येते आणि ओढ्याचे पाणी बव्हंशी नितळ राहते.

याचा पुरावा आपल्या येथून फार दूर नाही. तमिळनाडूतच, नीलगिरी पर्वतात उदगमंडलम येथे, केंद्र सरकारचे मृद व जलसंधारणाचे संशोधन केंद्र १९५४ पासून काम करीत आले आहे. उटीस आपण सारे जाऊन आलो आहोत. चॉकलेट आणि चहा घेऊन परतलो आहोत. तेथील २५ टक्के उतारावर बटाट्याच्या सऱ्या उताराच्या दिशेने काढल्या, तेव्हा वर्षाला हेक्टरी ३९ टनांच्या आसपास माती वाहून गेली. त्याच उतारावर पायऱ्यांची शेते केली, तेव्हा ती एका टनाच्या आसपास आली, असे तेथील प्रयोगांत आढळले. पाऊस तोच, माती तीच, पीकही तेच. तेथेच ग्लेनमॉर्गन भागात दोन शेजारच्या पाणलोटांवर दुसरा प्रयोग झाला. १९७२ साली त्यांपैकी एकातील गवताळ भागावर निलगिरीची झाडे लावली. पहिल्या दहा वर्षांत त्या ओढ्याचे पाणी सरासरी सुमारे १६ टक्क्यांनी घटले. ‘झाडे लावा’ म्हणणे पुरत नाही. कोणती, कोठे आणि कशाच्या जागी, हे विचारावे लागते.

आता आमच्या घरची हकिकत सांगतो. ती सांगताना थोडा संकोच वाटतो. परंतु सांगितल्यावाचून वरच्या पांडित्यास अर्थ नाही.

आमचे मूळ गाव पोलादपूर तालुक्यात, महाबळेश्वरच्या पश्चिमेच्या पायथ्याशी. तेथे आम्हां पाच सहहिस्सेदारांची सामाईक जमीन आहे. तळाशी भाताची खाचरे, त्यावर नाचणी-वरीची वरकस जमीन आणि त्याच्याही वर ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ यांचे रान. खाचरांच्या वरच्या अंगास आमच्या चुलत बंधूंचे घर. पाचांपैकी गावात राहणारे ते एकटेच. बाकीचे आम्ही चौघे चाकरीच्या निमित्ताने नागपूर, बडोदे, मद्रास आणि परदेश असे पांगलो. गावाची आठवण मात्र चौघांनाही फार! गणपतीत फोनवरून आरती ऐकायची आणि पावसाळ्यात हिरव्या डोंगराची छायाचित्रे एकमेकांस पाठवायची.

२००९ साली चुलत बंधूंचे पत्र आले. वरच्या रानातील झाडांना गिऱ्हाईक आले होते. घराचे छप्पर बदलावयाचे होते, मुलीचे लग्न ठरत होते. खासगी जमिनीतील झाडे तोडण्यासही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्यान्वये परवानगी लागते. आणि सातबाराच्या उताऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या साऱ्यांच्या संमतीचा कागद त्यासाठी हवा होता. आम्ही तो कागद कचेरीतील टेबलावरच वाचला. त्यातील भाषेच्या दोन चुका दुरुस्त केल्या, आणि सही केली. उतारा तपासला, उतार तपासला नाही. आमच्या वाट्यास चाळीस हजार रुपये आले. त्यात थोडी भर घालून आम्ही शीतकपाट घेतले. ते अद्याप उत्तम चालते.

झाडे तोडली गेली ती पौष-माघात. ओंडके उताराने सरळ खाली ओढत आणले. जड ओंडका ओढला की जमिनीत उभी नाळ पडते आणि पहिल्या पावसाला ती आयती वाट मिळते. फाल्गुनात उरलेला पालापाचोळा वणव्याने खाल्ला. तो कोणी लावला हे कोणासच ठाऊक नव्हते. असे वणवे दरवर्षी लागतात, गवत चांगले येते असा समज आहे. मृगाच्या सरी उघड्या, राखेने माखलेल्या उतारावर पडल्या. पहिल्या वर्षी ओघळी झाल्या. दुसऱ्या वर्षी त्या नाळेची पुरुषभर खोल घळ झाली आणि भाताच्या चार खाचरांत मुरूम व दगड येऊन बसले. घराजवळचा जो झरा वैशाखापर्यंत पुरत असे, तो फेब्रुवारीतच आटू लागला.

आम्ही त्यानंतर गावी गेलो तेव्हा चुलत बंधू आम्हांस त्या खाचरांवर घेऊन गेले. रागाने नव्हे, ते स्वभावाने शांत आहेत. पायाने मुरूम उकरीत ते एवढेच म्हणाले, “दादा, पैसे पाच जणांत वाटले. गाळ मात्र एका घरात आला.”

बंधुभगिनींनो, सरकारी सेवेत आम्ही पुष्कळ ताशेरे वाचले आहेत. इतका अचूक ताशेरा आमच्यावर दुसरा कोणी मारलेला नाही.

पुढे याविषयी वाचू लागलो, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली आणि झोप उडाली. झाड तोडले तरी त्याची मुळे लगेच मरून मातीत मिसळत नाहीत. काही वर्षे ती जमिनीला शिवून ठेवतात. ती कुजली आणि नवी मुळे अजून बळकट झाली नाहीत, अशा मधल्या काळात, तोडीनंतर साधारण तीन वर्षांपासून पुढे कित्येक वर्षे, उताराची पकड सर्वांत ढिली असते. तेव्हा भीती केवळ धुपीची राहत नाही. पाण्याने जड झालेला सारा थरच कातळावरून एकदम घसरू शकतो. माती वाहून जाणे हे क्षयासारखे. दरड कोसळणे हे हृदयविकाराच्या झटक्यासारखे.

हे झटके आपण अलीकडे वरचेवर पाहिले. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडीवते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, जेथे दीडशेच्या आसपास माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये, जेथे ऐंशीहून अधिक गेली. आणि त्याच दिवशी आमच्या पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळात वायनाडमधील मुंडक्कै आणि चूरलमला. २०२१ च्या त्या रात्री आम्ही सिरुसेरीच्या घरात जागे होतो. गावचा दूरध्वनी लागत नव्हता. आमच्या मनात एकच दृश्य होते: ती घळ, आणि तिच्या तोंडाशी चुलत बंधूंचे घर. दुसऱ्या दिवशी दुपारी कळले की सारे कुटुंब संध्याकाळीच गावच्या शाळेत जाऊन राहिले होते. घळीतून दगड आले, गोठ्याची भिंत गेली, माणसे वाचली. ते शाळेत गेले नसते तर आज हे भाषण करण्याचे धैर्य आम्हांस झाले नसते.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक दरड वृक्षतोडीनेच कोसळते असे नाही. वायनाडची दरड उंचावरील वनप्रदेशात सुटली होती. एका दिवसात दोनशे टँकर ज्या एकरावर ओतले जातात, तेथे दाट वनही कधी हात टेकते. वन हे कवच आहे. ते अभेद्य नाही. म्हणूनच घर कोठे बांधावे आणि घर सोडून केव्हा निघावे, हे प्रश्न झाडांच्या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे आहेत. चुलत बंधूंना त्या रात्री झाडांनी नव्हे, शहाणपणाने वाचविले.

वाहून गेलेली माती शेवटी जाते कोठे? १९८३ साली डेहराडून येथील मृद संधारण संस्थेतील ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी देशाचा पहिला मोठा हिशेब मांडला. वर्षाला सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते, म्हणजे हेक्टरी सरासरी १६ टनांहून अधिक. त्यातील सुमारे २९ टक्के समुद्रास मिळते, १० टक्के धरणांत साचते आणि बाकीची एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसते. हा शेवटचा आकडा आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. माती नाहीशी होत नाही. नको तेथे जाते. आमच्या खाचरांत ती आली. सावित्रीच्या पात्रात ती साचली. ज्या महाडच्या बंदरात एके काळी भरतीबरोबर गलबते येत, ते आज केवळ आठवणीत आहे. चिपळूणला वाशिष्ठीच्या पात्रात ती साचली, आणि २०२१ च्या महापुरानंतर तेथील नागरिकांना नदीतील गाळ काढावा म्हणून साखळी उपोषणास बसावे लागले. घाटमाथ्यावर कोणा दूरच्या मालकाने केलेल्या सहीची किंमत अशी बाजारपेठेतला दुकानदार भरतो.

आता कोणी म्हणेल, पूर्वी सारे उत्तम होते आणि आपण सारे बिघडविले. तसेही नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याकरिता आमच्या आज्यापणज्यांनी झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटल्या. दळीच्या शेतीसाठी डोंगर भाजले गेले. कोळशाच्या भट्ट्यांनी रायगड जिल्ह्यातील रानेच्या राने खाल्ली. आपले पूर्वज ऋषी नव्हते, गरजवंत होते. परंतु त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, वरकस जमिनीवर त्यांनी दगड रचून ताली घातल्या आणि दरवर्षी ढासळलेला दगड पुन्हा जागेवर ठेवला. दुसरी, डोंगराचा एखादा भाग देवाच्या नावाने सोडून दिला आणि तेथे कुऱ्हाड नेली नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेक साऱ्या डोंगरावरून गेलेले रान या रायांत टिकून असल्याचे त्यांना दिसले. आमच्या गावच्या देवराईतून निघणारा ओहोळ आजही आषाढात नितळ वाहतो. पन्नास पावलांवरील आमच्या घळीचे पाणी चहासारखे असते. दोहोंवर पाऊस एकच पडतो.

ताली घालणारा माणूस त्या उताराखालीच राहत होता, हे आम्हांस त्याच्या व्यवस्थेचे रहस्य वाटते. उतार बिघडला तर गाळ त्याच्याच पानात येणार होता. आज उतार एकाच्या डोक्यावर आहे, आणि उताऱ्यावर नावे आहेत ती नागपूर, बडोदे, चेन्नई आणि परदेशातील. निर्णय आणि परिणाम यांची अशी फारकत झाली आहे. या सभागृहातील कित्येकांची नावे अशाच एखाद्या सातबारावर असतील. ‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीचा खरा अर्थ आम्हांस आता कळतो. दुरून डोंगराचा हिरवा रंग दिसतो; त्याची घळ दिसत नाही.

म्हणून आमचे मागणे एवढेच आहे. गावाकडून कागद आला, तर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. या उताराखाली कोणाचे घर, कोणाचे शेत, कोणता झरा आहे? झाड जाणार असेल तर खालचा पाचोळा आणि झुडपे राहणार आहेत काय, आणि ओंडका कोणत्या वाटेने खाली येणार आहे? डोंगरात यंत्राने रस्ता किंवा सपाटी काढावयाची असेल, तर त्यावर साचणारे पाणी कोठे सोडणार? कारण तीव्र उतारावर खणलेला चर किंवा सपाट केलेली जागा पाणी अडवून धरते, खालचा थर भिजवून जड करते, आणि मदत करण्याऐवजी घात करू शकते. मध्यम उतारावर जो उपाय तारक, तोच उभ्या उतारावर मारक. आणि चौथा प्रश्न स्वतःस विचारावा: हे पैसे घेऊन आपण दूर राहणार, मग गाळ कोणाच्या घरी जाईल?

हे प्रश्न गावी राहणाऱ्याच्या गरजेस विरोध म्हणून विचारू नयेत. चुलत बंधूंना छप्पर हवे होते, मुलीचे लग्न करावयाचे होते. त्या गरजा खऱ्या होत्या. चौघा भावांनी मिळून ती रक्कम उभी केली असती, तर उतार विकावा लागला नसता. तो विचार आम्हां चौघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. डोंगरावर प्रेम करणे फुकटात होते, म्हणून ते आम्ही केले.

शेवटी, या हकिकतीचा पुढला भाग. गेल्या दिवाळीनंतर दुसरा कागद आला आहे. उरलेला वरचा उतार एका गृहस्थांस विश्रांतिगृहासाठी हवा आहे, आणि तेथवर मोटार जाईल असा रस्ता यंत्राने कोरावयाचा आहे. भाव चांगला आहे. आम्हां पाचांपैकी दोघांनी सही केली. त्यांच्या अडचणी आहेत आणि आम्ही त्यांना दोष देत नाही. आम्ही सही केलेली नाही. चुलत बंधूंना लिहिले की जी रक्कम तुम्हांस मिळाली असती तिच्याइतकी नव्हे, परंतु २००९ साली आम्ही घेतलेले चाळीस हजार आम्ही परत पाठवीत आहोत. त्यातून घळीच्या तोंडाशी दगडांची ताल घाला, पाण्यास देवराईच्या ओहोळाकडे वाट काढून द्या, आणि वरच्या अंगास दोन-तीन वर्षे वणवा व गुरे येऊ देऊ नका. झुडपे आपोआप येतील. त्यांनी पैसे स्वीकारले. उत्तरात लिहिले की ताल घालणारे जुने हात आता गावात दोनच उरले आहेत, तेव्हा या मे महिन्यात तुम्ही स्वतः या आणि दगड उचला.

बडोद्याचे बंधू आमच्यावर रागावले आहेत. त्यांच्या दृष्टीने आम्ही चांगला व्यवहार मोडला. कागद अजून आमच्या टेबलावरच आहे. ताल एका पावसाळ्यात वाहून जाईल की टिकेल, हे सांगण्याइतके ज्ञान आम्हांस नाही. मेच्या रजेचा अर्ज मात्र आम्ही केला आहे. साहेबांनी कारण विचारले तेव्हा ‘घरगुती काम’ असे लिहिले.

मंडळास आज पन्नास वर्षे झाली. पन्नास वर्षांत आपण भाषा जपली, गणपती जपला, पुरणपोळी जपली. पन्नास वर्षांत सह्याद्रीच्या उतारावर माती किती तयार झाली असेल? नखाएवढीही नाही. जी आहे तेवढीच आहे. ती आपल्या नावावर असली तरी आपली नाही. खाली राहणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलेली ती ठेव आहे.